गिरणी बंद, दोन तास

वहीच्या अठराव्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ आहे : ‘गिरणी बंद, दोन तास’. डावीकडे तारीख, उजवीकडे रकमेचा रकाना, आणि तो कोरा. वरच्या ओळीत थर्माकोलचे दोन शीट आणि काळं कापड आहे, खालच्या ओळीत पेट्रोल. दोन्हींपुढे आकडे आहेत. मधली ही ओळ तेवढी तशीच राहिली.

माण तालुक्यातल्या एका लहान गावात एका मित्राच्या पहिल्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. अगदी थोड्या पैशांत सिनेमा कसा उभा राहतो त्यावर लिहायचं म्हणून मी अकरा दिवस तिथं राहिले. युनिट बावीस जणांचं, आणि प्रत्येकाच्या अंगावर दोन-दोन कामं. सहायक दिग्दर्शक क्लॅप द्यायचा, कंटिन्युटी लिहायचा आणि संध्याकाळी एसटी स्टँडवर नटांना आणायलाही जायचा. रिकामी अशी मीच होते, म्हणून खर्चाची वही माझ्याकडे आली. रोज पॅकअपनंतर ओसरीवर बसायचं, ज्यानं त्यानं खिशातून चिठ्ठ्या काढायच्या आणि मी त्या उतरवून घ्यायच्या.

दिग्दर्शकाच्या चुलत्याचं घर हेच मुख्य लोकेशन. त्याच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी. सहाव्या दिवशी बाप-लेकीचा प्रसंग होता. उन्हं कललेली, अंगणात दोघं बसलेत, फारसं कुणीच बोलत नाही. आवाज जागेवरच घ्यायचा होता, म्हणजे सिंक साउंड. कॅमेरा लागला, नट बसले, आणि साउंड रेकॉर्डिस्टनं हेडफोन उतरवून मान हलवली. गिरणी चालू होती. माणसाचा कान अशा आवाजाला पाच मिनिटांत सरावतो, माइक सरावत नाही.

दिग्दर्शक गिरणीवाल्या तात्यांकडे निघाला, मीही मागोमाग. दारात आठ-नऊ डबे ओळीनं लागले होते. कुणाचा पितळी, कुणाचा तेलाचा पत्र्याचा, एकावर खडूनं नाव लिहिलेलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदा डब्यांकडे बघितलं.

“किती येळ?”

“दोन तास, तात्या.”

त्यांनी खटका खाली ओढला. पट्टा फिरत फिरत मंदावला आणि थांबला. हवेतलं पीठ सावकाश खाली बसायला लागलं. दळणासाठी थांबलेल्या बायांपैकी दोघी शूटिंग बघायला आल्या, बाकीच्या डबे तिथंच ठेवून घरी गेल्या.

प्रसंग चौथ्या टेकला मनासारखा झाला. मग साउंडवाल्यानं रूम टोन मागितला. म्हणजे त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करायची, पुढे एडिटिंगमध्ये दोन संवादांच्या मधल्या फटी भरायला. सगळ्यांनी जिथं आहोत तिथं उभं राहायचं. बावीस जणांचं युनिट आणि भिंतीला टेकून, कठड्यावर बसून बघणारं तीसेक माणसांचं गाव, कुणी हललं नाही. एका बाईच्या काखेतलं मूल कुरकुरायला लागलं तशी तिनं त्याला पदराखाली घेतलं. लांब कुठंतरी टिटवी ओरडली. एक मिनिटानं रेकॉर्डिस्टनं अंगठा वर केला तेव्हा लोक टाळ्या वाजवायला लागले.

दोन तासांनी तात्या गिरणी सुरू करायला गेले तर लाईट गेलेली. ती आली रात्री नऊनंतर. दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीपाशी बसलेल्या काकी सहज बोलून गेल्या, “काल खालच्या आळीला चार घरांत भातच शिजला. भाकरीला पीठ कुठं हुतं?”

त्या ओळीपुढे कोणता आकडा लिहायचा? तात्यांचं बुडलेलं दळण, की त्या चार घरांतली भाकरी? वही मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसले, आणि शेवटी रकाना कोराच ठेवला.

कमी बजेटचा सिनेमा म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे स्वस्तातला कॅमेरा आणि हौशी पोरं येतात. त्या अकरा दिवसांत मला वेगळंच दिसत राहिलं. पैसे कमी असले तरी सिनेमाला जे लागतं ते लागतंच. जेवण लागतं, झोपायला जागा लागते, उजेड लागतो, शांतता लागते, माणसांचे दिवस लागतात. पैसे नसले की हे सगळं कुणाच्या ना कुणाच्या घरून येतं. ज्याच्या घरून आलं त्याचं नाव वहीत कुठं लिहिलंय, हे मी तेव्हापासून प्रत्येक छोट्या सिनेमाच्या बाबतीत विचारत आले आहे.

आपल्याकडच्या पहिल्या कथापटापासूनच हे विचारायला हवं. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याआधी १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला जाऊन आले. पैसा उभा केला तो विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून. परत आल्यावर भांडवलदाराचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल वाढताना एकेक फ्रेम करून टिपला. ‘अंकुराची वाढ’ ती हीच. आजच्या भाषेत हा त्यांचा पिच व्हिडिओ होता. तो पाहून कर्ज मिळालं, तरी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके सापडले. तिथं त्यांना महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ कबूल केले. ही कहाणी मराठी वाचकाला पाठ आहे, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने ती पुन्हा घरोघरी नेली.

मी थबकते ती सरस्वतीबाईंपाशी. दादरच्या त्या घरात युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रं पाडायची असत, ती त्या रात्री अंधारात पाडत. फिल्म धुण्याची रसायनं कालवायला त्या शिकल्या. उन्हात पांढरी चादर धरून उजेड नटांच्या तोंडावर टाकायलाही त्या उभ्या राहिल्या. आज याच कामासाठी थर्माकोलचा शीट धरून लाईटमन उभा असतो. स्वयंपाकी, लॅब असिस्टंट, लाईटमन आणि अर्धी निर्माती अशी चार पदं एका बाईनं सांभाळली. त्यातलं एकही पद तेव्हा कुणी कागदावर लिहिलं नसावं. दागिने गहाण टाकणारी पत्नी एवढीच त्यांची ओळख अजून सांगितली जाते, आणि मला ते दर वेळी टोचतं. दागिने सुटून परत येऊ शकतात, रात्रीची झोप परत येत नाही.

आमच्या युनिटमध्ये ती जागा काकींची होती. दिग्दर्शकाची चुलती. पहाटे साडेचारला चूल पेटायची. शेजारच्या दोघी मदतीला यायच्या आणि सकाळच्या एका जेवणाला साठेक भाकरी थापल्या जायच्या. एक पीठ मळायची, एक थापायची, काकी तव्यापाशी. भाकरीवर पाणी फिरवायचं, उलटायची, फुगली की चुलीच्या तोंडाशी उभी करायची. बोटांवरचे भाजल्याचे डाग मी रोज बघत होते. कालवण कधी मटकीचं, कधी वांग्याचं, आणि वेळ कमी असला की पिठलं. नट, कॅमेरामन, गावातून धरून आणलेली पोरं, सगळ्यांची एकच पंगत आणि एकच जेवण. मोठ्या सेटवर कुणाच्या ताटात काय वाढायचं हे हुद्द्यावर ठरताना मी पाहिलं आहे, त्यामुळे हे विशेष वाटलं.

काकींना पैसे द्यायचा विषय मी दोनदा काढला. दुसऱ्या वेळी त्या जरा रागावल्याच. “पुतण्याच्या लग्नात राबले नसते का? ह्ये त्येचं लगीनच समजायचं.” उत्तर मनापासूनचं होतं. पण लग्न चार दिवसांत उरकतं, हे शूटिंग एकोणीस दिवसांचं होतं. आणि दिवस होते ज्वारीच्या काढणीचे. काकी दर वर्षी या दिवसांत दुसऱ्यांच्या रानात काढणीला जातात. त्या वर्षी गेल्या नाहीत. सोबतच्या दोघींना रोजंदारी ठरवून दिली होती, ती रोज संध्याकाळी हातात पडत होती. काकींच्या बुडालेल्या हजेरीची मात्र नोंद नव्हती, कारण त्या घरच्या.

काढणीनं दुसरीकडेही पेच टाकला होता. सिनेमात मुलगी उभ्या ज्वारीतून चालत येते. तो शॉट अर्धा झाला आणि आभाळ भरून आलं. उरलेला अर्धा चार दिवसांनी घ्यायचा, तोवर रान तसंच उभं पाहिजे. शेतकऱ्याचे मजूर ठरलेले. शेवटी त्यानं बाकीचं रान काढून घेतलं आणि बांधालगतचा दहा-बारा फुटांचा पट्टा आमच्यासाठी राखला. आसपासची सगळी पाखरं त्या एका पट्ट्यावर उतरली. चौथ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा पुढच्या ओळीतली निम्मी कणसं पोकळ होती. कॅमेरामननं लेन्स बदलली, खालून अँगल धरला आणि मागची दाट ओळ पुढे आणली. पडद्यावर कुणाला काही कळणार नाही. शेतकऱ्यानं मात्र उरलेली कणसं हातात चोळून बघितली आणि काही न बोलता विळा घेतला.

त्या संध्याकाळी ओसरीवर सत्यजित रायांचा विषय निघणारच होता. ‘पथेर पांचाली’चा पहिला शॉट त्यांनी ऑक्टोबर १९५२मध्ये पालसितजवळ काशाच्या फुलांत घेतला. पुढच्या आठवड्यात उरलेला भाग घ्यायला गेले तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. पुन्हा काश फुलायला वर्ष लागलं. पैशांसाठी त्यांनी विमा मोडला, ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या, पत्नी बिजोया यांचे दागिने गहाण ठेवले. कॅमेरामन सुब्रत मित्र एकविशीतले, त्याआधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं पैसे दिले आणि १९५५ साली सिनेमा पूर्ण झाला. मधल्या तीन वर्षांत अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा थोराड झाली नाही आणि ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवी हयात राहिल्या, हे तीन चमत्कार राय पुढे सांगत असत. गरीब सिनेमा असा काळाच्या भरवशावर चालतो. पैसेवाला निर्माता फुलं लावून घेतो, सेट उभारतो, नटाच्या तारखा बांधून ठेवतो. ज्याच्याकडे ते नाही त्यानं पुढचा हंगाम यायची वाट बघायची, आणि तोपर्यंत त्याच्या माणसांनी वाढायचं नाही, आजारी पडायचं नाही.

आसामच्या रीमा दास यांनी या वाट बघण्यालाच पद्धत बनवलं. ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ त्यांनी छयगाव या आपल्या गावाकडे साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर, काही वर्षं खपून केला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, निर्मिती सगळं स्वतः. आवाजाची बाजू चुलत बहीण मल्लिका दास हिनं उचलली. नट म्हणजे गावातली मुलं. पूर आला की पूर सिनेमात यायचा. २०१८ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि मला सगळ्यात आनंद झाला तो मल्लिकाला जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला याचा. घरच्या माणसाचं काम एरवी ‘मदत’ म्हणून मोजलं जातं. इथं ते काम म्हणून मोजलं गेलं.

कॅमेरा स्वस्त झाला म्हणून हे शक्य झालं, हे खरंच आहे. फिल्मच्या जमान्यात ३५ मिलिमीटरचा हजार फुटांचा डबा म्हणजे जेमतेम अकरा मिनिटांचं चित्रण. कॅमेरा सुरू झाला की पैसा खरखरत पळतोय असं निर्मात्याला ऐकू यायचं. चार टेकच्या वर जायची सोय नसे. आता कार्ड रिकामं करून पुन्हा वापरता येतं, रोजचं चित्रण दोन हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलं की झालं. पण कॅमेऱ्याचा खर्च उतरला तसा भाकरीचा उतरला नाही. आमच्या वहीत कॅमेरा, लेन्स आणि लाईटचं भाडं मिळून जेवढी पानं भरली त्याहून जास्त पानं प्रवास, राहणं आणि खाणं यांनी भरली. म्हणूनच कथा लिहिताना गाव कुठलं हे ठरतं, किती पात्रं हे ठरतं, आणि म्हैस असावी की नसावी हेही ठरतं. पडद्यावर जनावर दाखवायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, त्याशिवाय सेन्सॉरचा दाखला अडतो. आमच्या पटकथेतली म्हैस तिसऱ्या खर्ड्यात गेली. गोठा राहिला, हंबरण्याचा आवाज राहिला.

या सगळ्याचा मुळारंभ बघायचा तर मालेगावला जायला हवं. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, मोसम नदीकाठचं, रात्रंदिवस यंत्रमागांच्या खडखडाटातलं गाव. शेख नासिर तिथं व्हिडिओ पार्लर चालवायचे. लोक काय बघतात, कुठं शिट्टी मारतात, कुठं उठून जातात, हे त्यांना खुर्च्यांमधून चालत कळलेलं. २०००च्या सुमारास त्यांनी ‘मालेगाव के शोले’ केला, खर्च पन्नास हजारांच्या घरात. डाकूंना घोडे कुठून आणणार? ते सायकलींवर आले. रेल्वे मिळणं अशक्य, तर बस लुटली. ट्रॉली शॉट हवा तर कॅमेरामनला सायकलवर बसवून ढकलायचं. क्रेन हवी तर बैलगाडी पुढून उचलायची, की मागचं टोक खाली आणि पुढचं आभाळात. नट म्हणजे मागावरचे कामगार, त्यांना सवड शुक्रवारी, कारण त्या दिवशी माग बंद. गावातल्या मुलींना कॅमेऱ्यापुढे यायची मुभा नव्हती, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणावी लागे.

फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात नासिर यांच्या नंतरच्या एका सिनेमाची, ‘मालेगाव का सुपरमॅन’ची घडण टिपली आहे. मी तो तीन वेळा पाहिला. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा मागावर काम करणारा काडीसारखा पोरगा. उडण्याचे शॉट हिरव्या कापडापुढे घ्यायचे, तर ते कापड ट्रकच्या अंगाला ताणून बांधलेलं. शूटिंग ऐन रंगात असताना शफीकचं लग्न निघतं. नायक लग्नाला जातो आणि युनिट त्याच्या परतण्याची वाट बघतं. मुंबईच्या कुठल्या निर्मात्यानं हे सोसलं असतं? इथं कुणाच्या कपाळाला आठी नाही, कारण सिनेमा त्यांच्या आयुष्याच्या मधल्या वेळात बसवायचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. हा माहितीपट २०१२ साली थिएटरांत आला, त्याच्या आधीच शफीक तोंडाच्या कर्करोगानं गेला. २०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ आला आणि ही माणसं देशभर पोचली. एका मोठ्या निर्मितीसंस्थेला त्यांच्यावर सिनेमा करावासा वाटला, याचं मला मनापासून बरं वाटलं.

मालेगावच्या सिनेमाला मी मुळारंभ म्हणते त्याला कारण आहे. त्यांचा बघणारा त्यांच्या गल्लीतच होता. सिनेमा तयार झाला की गावातल्या व्हिडिओ हॉलमध्ये लागायचा, लोक तिकीट काढून यायचे आणि घातलेला पैसा तिथल्या तिथं सुटायचा. आजच्या छोट्या मराठी सिनेमाचं घोडं नेमकं याच ठिकाणी पेंड खातं.

शूटिंग संपलं तेव्हा आम्हाला वाटलं की मोठा घाट चढून झाला. पुढचं दीड वर्ष मी फक्त फोनवरून ऐकत होते. संकलन मित्राच्या घरी झालं. आवाजाचं मिक्सिंग आणि रंगांची दुरुस्ती मात्र घरी होत नाही, त्याला स्टुडिओ लागतो आणि स्टुडिओचं मीटर तासावर चालतं. रात्रीचे तास स्वस्त मिळतात, म्हणून रात्री. मग सेन्सॉर, मग थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे पडद्यावर दाखवायची डिजिटल प्रत, मग उपशीर्षकं. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून अनुदान देतं. पण ते सिनेमा पुरा होऊन दाखला मिळाल्यानंतरचं. त्यावर भिस्त ठेवून लोक व्याजानं पैसे काढतात. अनुदान येईतो व्याज चालूच. ही रक्कम कितीही मोलाची असली तरी ज्याच्याकडे सुरुवातीला काहीच नाही त्याच्यासाठी ती उशिरा येते, असं माझं स्पष्ट मत आहे. पटकथा आणि आधीचं काम तपासून थोडी रक्कम शूटिंगच्या आधी दिली तर कितीतरी दागिने कपाटात राहतील.

आणि मग प्रदर्शन. आम्हाला एका शहरात एकच खेळ मिळाला, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी पावणेतीनचा. गावाकडची माणसं जीप करून बघायला निघाली होती, वाटेत फोन आला की प्रेक्षक पुरेसे नाहीत म्हणून खेळ रद्द. जीप मधूनच वळली. मी त्या जीपमध्ये होते. काकींनी इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं आणि बरोबर युनिटसाठी धपाट्यांचा डबा घेतला होता.

हे कष्ट फक्त नाव नसलेल्या सिनेमांच्याच वाट्याला येतात असं नाही. जयंत सोमलकर यांनी ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या डोंगरगावात, गावातल्याच माणसांना घेऊन केला. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम ज्यांनी घरोघर पाहिलाय आणि सोसलाय, त्याच माणसांनी तो पडद्यावर उभा केला. सप्टेंबर २०२३मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि महाराष्ट्रातल्या थिएटरांत तो लागला ७ मार्च २०२५ रोजी. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ जानेवारी २०२५मध्ये सनडान्सला गेला आणि जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला, असा मान मिळालेला तो पहिला मराठी सिनेमा. आपल्याकडे तो सप्टेंबरात लागला. त्याच्याही आधी, २००४ साली ‘श्वास’नं सुवर्णकमळ आणलं, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी. संदीप सावंत यांचा तो पहिला सिनेमा, आणि आजोबांची भूमिका करणारे अरुण नलावडे हे निर्मात्यांपैकीही एक होते. ऑस्करच्या खर्चासाठी तेव्हा शाळेतल्या मुलांपासून लोकांनी पैसे गोळा केले. मला ते दिवस चांगले आठवतात. आपला सिनेमा म्हणून वर्गणी द्यायला लोक पुढे आले होते.

लोकांनी पैसे घालून सिनेमा करण्याचा रस्ता त्याआधीही चालून झाला होता. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ला गुजरातच्या दूध सहकारी संस्थांच्या पाच लाख सभासदांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १९७६ साली सिनेमा आल्यावर तेच शेतकरी ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेले. केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ या गटातल्या मंडळींनी गावोगाव फिरून, लोकांकडून पैसे जमवून १९८६ साली ‘अम्मा अरियान’ केला आणि तो पुन्हा गावोगावच नेऊन दाखवला. दोन्ही ठिकाणी देणाऱ्याला माहीत होतं की आपण काय देतोय आणि कशासाठी. गिरणीवाल्या तात्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्यांच्याकडे मागितलं ते शेजारधर्म म्हणून, आणि त्यांनी दिलं तेही तसंच.

म्हणून सिनेमा करायला निघालेल्या तरुण मित्रमैत्रिणींना मी आग्रहानं एक सांगत असते : वहीत सगळं लिहा. कॅमेरामननं निम्म्या मानधनावर काम केलं तर उरलेलं निम्मं त्याच्या नावावर लिहा आणि खाली दोघांच्या सह्या घ्या. ‘नंतर बघू’ या दोन शब्दांवर किती जुन्या मैत्र्या मोडल्या ते मी जवळून पाहिलंय. रोजावरच्या माणसाचे पैसे त्याच संध्याकाळी द्या, मग तुम्हाला रात्री मोटारसायकल गहाण टाकावी लागली तरी. ज्या घरात शूटिंग केलं त्या घराचं लाईटबिल भरा. कुणी घ्यायला नाही म्हणालं तरी रक्कम लिहून ठेवा, म्हणजे आपण कुणाच्या जिवावर काय केलं हे आपल्याला तरी वाचता येईल.

आमच्या दिग्दर्शकानं अनुदानाचा पहिला हप्ता आल्यावर ही वही माझ्याकडून मागून नेली. आठवडाभर ठेवली. काकींच्या एकोणीस दिवसांची हजेरी त्यानं गावातल्या काढणीच्या दरानं धरली, ज्वारीच्या पट्ट्याची रक्कम शेतकऱ्याला विचारून लिहिली. गिरणीच्या ओळीशी तोही अडला. तात्यांनी हात जोडले म्हणे. दोन तासांचं काय मागायचं?

सिनेमा शेवटी गावात दाखवला. मराठी शाळेच्या पटांगणात, पांढरा पडदा बांधून, भाड्याच्या प्रोजेक्टरवर. थंडी होती, लोक घोंगड्या-चादरी घेऊन आले होते. पोरं पुढे, बाया डावीकडे, म्हातारे खुर्च्यांवर. पडद्यावर ओळखीचं कुणी दिसलं की कल्ला व्हायचा. काकींना स्वतःची परात दिसली तेव्हा त्यांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं. ज्वारीतून मुलगी चालत आली आणि शेतकऱ्याच्या धाकट्यानं ओरडून सांगितलं की हे आमचं रान.

मग बाप-लेकीचा प्रसंग लागला. अंगण, कलती उन्हं, दोघं गप्प. पटांगणही हळूहळू गप्प झालं. मी तात्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले होते. लांबून टिटवी ओरडली, ती त्या दिवशीचीच. तात्या माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले,

“ताई, आयका. हितं माजी गिरण बंद हाय.”